खारटमामाची छत्री

३ मार्च

ताईस नमस्कार.

निघताना तू बजावलं होतंस, की पोचल्याचं कळव आणि गोड करून लिहू नकोस. आईला वेगळं पत्र टाकलंय, त्यात मी गुटगुटीत आहे. हे पत्र तुझ्यासाठी आणि तुझ्या कारखान्यातल्या बायकांसाठी. मला निरोप द्यायला त्या सगळ्या फाटकापर्यंत आल्या होत्या आणि त्यांच्यातल्या काकूंनी हात धरून सांगितलं होतं, "तिकडचं लिही रे, इथे आम्हाला काही म्हणजे काही कळत नाही." म्हणून लिहितो.

माझ्याकडे पाण्याचा टँकर दिलाय. नदीवरून भरून आणायचा, अर्धा छावणीच्या स्वयंपाकघरात रिकामा करायचा आणि अर्धा गावाला द्यायचा. कुंपणाबाहेर एक लांबलचक भिंत आहे. शाळेची होती म्हणतात. शाळा गेली, भिंत राहिली. उजाडल्यापासून त्या भिंतीच्या कडेने लोक रांग लावतात. कोणाच्या हातात तेलाचा डबा, कोणाच्या हातात बादली, एका म्हाताऱ्याकडे तर फुलदाणी असते. एक बाई रोज पाठीवर दार बांधून येते. तिच्या घराचं दार. घर पडलं, तेवढं दार उभं राहिलं, आणि आता ती ते कोणाच्या ताब्यात द्यायला तयार नाही. दुभाष्याकडून मी विचारलं, एवढं ओझं कशाला वागवता? ती म्हणाली, पुन्हा बांधायचं तर कुठून तरी सुरुवात करावी लागेल ना.

गेल्या आठवड्यात बाजारावर तोफगोळा पडला. सकाळी ज्या टँकरमधून लोकांना प्यायला पाणी दिलं, त्याच टँकरने दुपारी मी रस्ता धुतला. त्यानंतर मला पाण्याचा आवाज नकोसा झालाय आणि कामच पाण्याचं आहे.

जेवण भिकार आहे. आचारी प्रत्येक गोष्टीत इतकं मीठ ओततो की सगळे त्याला खारटमामा म्हणतात. तक्रार केली तर म्हणतो, शत्रूने रात्रीत येऊन पातेल्यात मीठ टाकलं, मी काय करू.

हे सगळ्यांना वाचून दाखव. त्यांनी मागितलं होतं.

तुझा
ठोंब्या


२० मार्च

ठोंब्यास आशीर्वाद.

पत्र शनिवारी वाचलं. आमची रीत तुला ठाऊक आहे. रेडिओ बंद पडल्यापासून जेवणानंतर मी वाचते आणि बाकीच्या काड्यांवर कापड टाचता टाचता ऐकतात. माझ्या वाटणीच्या छत्र्या त्याच वाटून घेतात. तेव्हा काय वाचायचं आणि काय नाही यात त्यांचं चालतं, आणि ते बरोबरही आहे. सुई त्यांच्या बोटाला टोचते, माझ्या नाही.

बाजाराचं वाचताना कोणी मान वर केली नाही. मग काकू म्हणाल्या, "पुरे गं बाई." तुला माहीतच आहे, काकू तयार छत्री उघडून डोक्यावर धरतात आणि उजेडात भोकं बघतात. तशीच एक उघडी छत्री धरून बसल्या होत्या, ती त्यांनी तोंडापुढे घेतली. संध्याकाळी मुकादम उलट्या कापडाच्या छत्र्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि मला म्हणाला, हे असलं वाचून दुखवट्याच्या छत्र्या काढायच्यात का आपल्याला?

दार वाहणाऱ्या बाईचं मी मुद्दाम पुन्हा वाचलं, म्हटलं हे तरी भिडेल. खिडकीजवळ बसणारीने विचारलं, दार लाकडी आहे का? ती सध्या स्वतःच्या घराला दारं करून घेतेय. मग वाळवीवर गाडी गेली ती जेवणाच्या डब्यांपर्यंत परत आली नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. बायका वाईट नाहीत. प्रत्येकीचं घर तिला पुरून उरलंय. त्या म्हणतात, आपल्या हातात काही नाही, मग ऐकून जीव कशाला जाळायचा. मी पुष्कळ वाद घातला, पण याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

मात्र तुझ्या खारटमामावर सगळ्या जाम खूश आहेत. "शत्रूने मीठ टाकलं" हे आता कारखान्यात रोज चालतं. कोणाची शिवण उसवली की शत्रूने उसवली. पुढच्या वेळी त्याचं जरा जास्त लिही. तेवढ्या निमित्ताने तुझं पत्र ऐकतील तरी.

आई विचारते, लोकरीचा बनियन घालतोस का. तुझे दाजी बरे आहेत, टीव्हीपुढे आहेत.

तुझी
ताई


६ एप्रिल

ताईस नमस्कार.

उत्तर मलाही सुचलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण दुरून लढाई साजरीही दिसत नाही आणि भयंकरही दिसत नाही, ती दिसतच नाही. असो. बायकांना खारटमामा हवाय, तर घ्या खारटमामा.

तो ठेंगणा आहे. पातेल्यात डोकावायला त्याला विटेवर उभं राहावं लागतं आणि ती वीट तो उशाला घेऊन झोपतो, चोरीला जाईल म्हणून. स्वतःच्या हातचं कधीच खात नाही. विचारलं तर म्हणतो, डॉक्टर स्वतःचं ऑपरेशन करतो का? एकदा मोठे साहेब जेवायला आले, पहिल्याच घासाला त्यांचे डोळे भरून आले. मामा शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "साहेब, घरची आठवण आली वाटतं." साहेबांना हो म्हणावं लागलं.

इथे आल्यावर कारकून प्रत्येकाला विचारतो, तुमचं काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं? मी आईचं आणि तुझं नाव सांगितलं. मामा म्हणाला, "माझ्या पातेल्याला कळवा." कारकून चिडला, म्हणाला नीट सांगा. मामा म्हणाला, "नीटच सांगतोय. मला दुसरं कोणी नाही." सगळे खो खो हसले, कारकूनसुद्धा.

आता हे तुझ्यासाठी. भिंतीजवळची रांग रोज लांब होतेय. फुलदाणीवाला म्हातारा चार दिवस दिसला नाही आणि मग त्याची फुलदाणी दुसऱ्याच्या हातात दिसली. मी ओळखली, तिचा कान तुटलेला आहे. हे वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

तुझा
ठोंब्या


२७ एप्रिल

ठोंब्यास आशीर्वाद.

अरे, काय सांगू. विटेचं वाचलं तेव्हा हसून हसून मुरकुंडी वळली. काकूंच्या हातातली छत्री खटकन मिटली ती त्यांच्या डोक्यावरच. मला ते दोनदा वाचायला लावलं आणि माझ्या छत्र्या कोणी न सांगता आधी पूर्ण केल्या. पातेल्याला कळवा, हे तर म्हणच झालीय. मुकादमाने एकीला विचारलं, उशीर का झाला, घरी सांगून येत नाही का, तर ती म्हणाली, पातेल्याला सांगून आले.

आता मामाविषयी चौकशा ऐक. तो उघड्यावर रांधतो की छपराखाली? पाऊस आला तर पातेल्यात पडतो का? मी म्हटलं पडतच असेल. तर काकूंनी ठरवलंय, त्याला एक छत्री पाठवायची. साधी नाही, मोठी, पातेल्यासकट माणूस झाकेल अशी. प्रत्येकीने एक तुकडा शिवायचा, ज्याचा त्याचा रंग वेगळा. दिसायला सर्कशीच्या तंबूसारखी होणार, पण काकू म्हणतात तिकडे तेवढंच रंगीत.

फुलदाणीचं वाचलं नाही. रागावू नकोस. सगळ्या इतक्या खुशीत होत्या की माझी जीभ रेटली नाही. ते पान घडी करून पोलक्यात ठेवलं आणि घरी येऊन एकटीने वाचलं. आता तुला कान तुटलेल्या कशाचंही लिहायचं असेल तर मला लिही, मी वाचेन.

एक विचारायचंय. परवा टीव्हीवर तिकडचं काहीतरी दाखवत होते. धूर होता आणि एक भिंत होती. मी हातातलं भांडं ठेवून पुढे येईपर्यंत दाजींनी मॅच लावली. मी म्हटलं, मागे घ्या, ठोंब्या आहे तिकडे. ते म्हणाले, तेच तेच दाखवतात, तुझ्या भावाचं काही असतं तर आपल्याला आधी कळलं असतं. मग त्यांनी बटण दाबलंही, पण तोवर साबणाची जाहिरात आली होती. तू बरा आहेस ना? एवढंच लगेच कळव.

तुझी
ताई


१५ मे

ताईस नमस्कार.

मी बरा आहे. टँकर दुरुस्तीला आहे, म्हणून थोडी विश्रांती.

मामाची गोष्ट लिहितो. एक बेवारशी बकरी छावणीत शिरली. मामाने धरली, सगळ्यांना वाटलं आज चंगळ. पण तिने मामाचा हात चाटला आणि सोडेना. त्याच्या हाताला मुरलेलं मीठ चाटत बसली. मामा म्हणाला, "माझ्या हातचं आवडीने खाणारी इथे ही एकटीच आहे, हिला कापू कसा?" तेव्हापासून ती त्याच्या मागे मागे फिरते. तो विटेवर चढला की ती पुढचे पाय विटेवर ठेवते.

छपराखाली रांधतो. पण छप्पर गळतं.

एवढंच.

ठोंब्या


२ जून

ठोंब्यास आशीर्वाद.

बकरीने कहर केला. शनिवारी वाचलं आणि सोमवारी शेजारच्या मोजे विणायच्या कारखान्यातल्या दोघी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे येऊन बसल्या, खारटमामा ऐकायला. मला पहिल्यापासून सांगावं लागलं. थोडी मीठमिरची मीही लावली, माफ कर.

छत्री रवाना झाली. मूठ काकूंनी निवडली, धरायला जाड, म्हणजे ओल्या हातातून सटकायची नाही. आत, काड्यांच्या वर, प्रत्येकीने आपापल्या तुकड्यावर छोटंसं फूल भरलंय. माझा तुकडा पिवळा. मामाला सांग, उघडताना खटका वरच्या बाजूला दाबायचा, जोर लावायचा नाही.

तुझं पत्र मात्र अळणी वाटलं रे. बायकांना नाही, मला. मी धुराचं विचारलं होतं त्याला तू एका वाक्यात वाटेला लावलंस. अक्षरही तुझं वाटत नाही, ओळी उतरत्या झाल्यात. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा असाच थोडक्यात बोलायचास. आईला मी म्हटलं, मजेत आहे. ती म्हणाली, बनियन घालतो का ते सांग.

खरं काय ते लिही.

ताई


२१ जून

ताई,

तू मागितलंस म्हणून लिहितो.

खारटमामा गेला. एप्रिल संपता संपता गेला. दाजींच्या टीव्हीवर तू जो धूर पाहिलास, ती आमचीच भिंत. बकरी वगैरे कोणी नव्हती. तुमचं पातेल्याचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तो जाऊन आठवडे झाले होते. तुम्ही सगळ्या इतक्या हसलात असं लिहिलं होतंस आणि पाऊस पातेल्यात पडतो का असं विचारलं होतंस. मला गेला असं लिहवेना. बकरी लिहिली.

आता मिठाचं ऐक. मलाही हे नंतर त्याच्या मदतनिसाकडून कळलं. मामा मुद्दाम मीठ जास्त घालायचा. जेवण खारट झालं की आम्ही निम्मं टाकायचो. उरलेलं तो मोठ्या डब्यांत भरून मागच्या बाजूने भिंतीजवळच्या रांगेत न्यायचा आणि तिथे त्यात माझ्याच टँकरचं पाणी ओतायचा. पाण्याने खारटपणा जायचा आणि अन्न वाढायचंही. छावणीचं अन्न बाहेर द्यायला परवानगी नाही, पण उरलेलं टाकायला परवानगी आहे. त्याने तेवढी वाट शोधली होती. आम्ही रोज त्याच्या नावाने खडे फोडायचो आणि तो शत्रूवर ढकलायचा.

त्या दिवशी तो डबा घेऊन रांगेत उभा होता. मी नदीवर होतो. आलो तेव्हा भिंतही नव्हती. रांगेतली माणसं किती गेली ते कोणी मोजलं नाही. मामाला उचलायला स्ट्रेचर नव्हतं. तेव्हा त्या दारवाल्या बाईने पाठीवरची दोरी सोडली आणि दार खाली ठेवलं. इतक्या दिवसांत तिने कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता. त्या दारावरून आम्ही त्याला नेलं. नंतर तिने दार माझ्या टँकरखाली धुतलं, पुन्हा पाठीला बांधलं आणि गेली.

कारकुनाने मला विचारलं, याचं कोणाला कळवायचं? मी सांगितलं, पातेल्याला. तो हसला नाही, मीही नाही.

ताई, त्याला ओळखणारं जगात कोणी असेल तर त्या तुमच्या कारखान्यातल्या बायका. त्याची वीट कुठली, तो कसा बोलतो, हे त्यांना माहीत आहे. इथे तर रोज कोणी ना कोणी जातं, इथे दुःख करायला कोणाला सवड नाही. तो गेला याचं कोणाला तरी वाईट वाटायला पाहिजे, एक दुपार तरी. मी त्याचं मीठ खाल्लंय, नको इतकं खाल्लंय. मी दुसरं काही मागत नाही. हे पत्र शनिवारी वाच. यातलं काही पोलक्यात ठेवू नकोस.

ठोंब्या


८ जुलै

माझ्या ठोंब्या,

वाचलं.

सगळं वाचलं, काही गाळलं नाही. मिठाचं आलं तेव्हा कोणीतरी हुंदका दिला. दाराचं वाचताना काकूंनी हातातली छत्री मिटून मांडीवर ठेवली आणि उभ्या राहिल्या. मग सगळ्याच उभ्या राहिल्या. मुकादम काय झालं म्हणून बघायला आला, त्यालाही कोणीतरी सांगितलं, तर त्याने टोपी काढली. बराच वेळ कोणी सुई उचलली नाही. खिडकीजवळची म्हणाली, आपण त्याला किती हसलो. संध्याकाळपर्यंत काम असं झालंच नाही आणि मुकादम कोणाला काही बोलला नाही.

तू म्हणालास एक दुपार, त्यांनी पूर्ण दुपार दिली. आता तू मनावरचं ओझं उतरव. जेव, झोप. तू एकटा नाहीस, इथे सगळ्यांना कळलंय.

छत्री आता तुला ठेव. मामाची आठवण म्हणून.

तुझी
ताई


११ जुलै

चिरंजीव ठोंब्यास काकूंचा आशीर्वाद.

तुझा पत्ता मी ताईच्या पिशवीतल्या जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला, तिला सांगितलेलं नाही. ती म्हणेल, काकू, लिहायला बसलात म्हणजे कागद पुरायचा नाही. माझं अक्षर बघून हसू नकोस. हे पत्र खरं तर तुझ्या खारटमामाला आहे, त्याला वाचून दाखव.

शनिवारी तुझं नवं पत्र ताईने वाचलं. बकरीला पिल्लू झालं आणि मामाने ते पातेल्यात निजवलं, म्हणून अख्ख्या छावणीला दोन दिवस कोरडा पाव खावा लागला, हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी पिल्लाला सलाम ठोकला तिथे तर मुकादमसुद्धा दारात उभा राहून ऐकत होता. तुझ्या ताईचा घसा बसलाय बरं का. वाचताना सारखी थांबत होती, कागदाकडे बघत बसायची आणि मग पुढे सुरू करायची. हसून हसून तिचे डोळे गळत होते, पदराने पुसत पुसत वाचलं तिने. आम्ही म्हटलं, भावाची माया आहे.

आता मामांना सांग. मामा, आमची छत्री मिळाली असेल. एका तुकड्यावरची शिवण मी तिसऱ्यांदा घातली आहे, गळली तर माझं नाव बदला. दुसरं म्हणजे, तुम्हाला कोणी नाही असं ऐकलं. असं म्हणू नये. माझी धाकटी बहीण आहे, बरीच वर्षं एकटी आहे, स्वभावाने गरीब, आणि तिला जेवणात मीठ जास्तच लागतं. लढाई संपली की ठोंब्याबरोबर इकडे या. चार दिवस राहा. बघा तर खरं. बकरीला आणायला हरकत नाही.

लढाई अजून बरीच आहे का रे? आम्हाला इथे काही कळत नाही.

काकू


१ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आणि काकूंचं पत्र एकाच टपालात आलं. मी तुझं आधी उघडलं. ते वाचून मी बाहेर जाऊन बसलो आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा रडलो. मुकादमाने टोपी काढली इथपर्यंत मला सगळं डोळ्यापुढे दिसत होतं. मग काकूंचं उघडलं.

पहिले काही दिवस तुला शिव्या देत टँकर चालवला. नंतर राग गेला. पहिली बकरी मी सोडली होती, तू फक्त तिला पिल्लू दिलंस. आणि काकू लिहितात त्यावरून मला दिसलं, की कागद माझा धरून तू तोंडाने दुसरंच वाचत होतीस. म्हणजे तू खरं पत्र वाचलंस, त्यांच्यासमोर बसून, एकटीने. तेवढं मामाच्या वाट्याला आलं. एक बाई रडली.

छत्री आली. मोठीच आहे. भिंत होती तिच्यामागे मामाला ठेवलंय. तिथे मातीत दांडा रोवून उघडून ठेवली. दुसऱ्या दिवशी गेलो तर नव्हती. मग रांगेत दिसली, पावसात. रांग आता भिंतीशिवाय लागते. छत्रीखाली कोण कोण दाटीने उभं होतं, आणि कडेला दारवाली बाई. मी परत मागितली नाही. मामाने असंच केलं असतं. काकूंना सांग, गळत नाही.

त्यांच्या बहिणीचं काय उत्तर द्यायचं ते तू बघ. मामाच्या वतीने आता तूच बोलतेस.

आम्हाला इथून पुढे, आत, नेतायत. पाणी तिथेही लागतंच. टपालाचं काय होईल माहीत नाही. एक सांगतो, टोमणा म्हणून नाही, खरंच सांगतो. माझं काही बरंवाईट झालं तर कारखान्यात सांगू नकोस. त्यांना ऐकवणार नाही, सुई टोचेल, कापड उलटं लागेल. मलाही असाच चालू ठेव. तुला आता येतं ते.

आईला सांग, बनियन घालतो.

तुझा
ठोंब्या


१४ सप्टेंबर

ठोंब्या, माझ्या बाळा,

ऑगस्टचं तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी उत्तर टाकलं, मग आणखी दोन टाकली. एकाचंही उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो. तुमच्या कचेरीत गेले, तिथला माणूस भला होता, पण म्हणाला, आतल्या भागाचं आम्हालाही उशिरा कळतं. बातम्यांत काही नाही. दाजींना मी रोज बातम्या लावायला लावते. ते बिचारे लावतात, माझ्या शेजारी बसतात, पण तिकडचं काही दाखवतच नाहीत. आता दाखवायचं बंद झालंय.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते मी का वाचलं नाही. मी वाचायलाच बसले होते. पहिली ओळ तोंडात आली होती. काकू माझ्याकडे बघत होत्या, तोंड आधीच हसायच्या तयारीत. मला वाटलं, मी हे वाचेन आणि त्या "पुरे गं बाई" म्हणतील आणि अर्ध्या तासाने वाळवीचं निघेल. मामाचं असं झालेलं मला बघवलं नसतं. म्हणून मीच त्यांना ती संधी दिली नाही. कदाचित काकू खरंच उभ्या राहिल्या असत्या. आता ते कधी कळायचं नाही.

शनिवार आले आणि गेले. बायका विचारतात, ठोंब्याचं काय? मामा काय म्हणतो? पहिल्या शनिवारी म्हटलं, टपाल अडलंय. दुसऱ्या शनिवारीही तेच म्हटलं. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी म्हणालं, बरा आहे ना तो? आणि सगळ्यांचे हात थांबले. माझ्याने ते सहन झालं नाही. मी पिशवीतून एक कोरा कागद काढला, उलगडला आणि वाचायला लागले. "ताईस नमस्कार. मी मजेत आहे."

त्यात तू टँकर चिखलात रुतवलास आणि बकरीने तो ओढून काढला. खूप हसल्या रे. माझ्या वाटणीच्या सगळ्या छत्र्या करून दिल्या.

काल पुन्हा वाचलं. पुढच्या शनिवारी पुन्हा वाचायला लागेल. एक ओळ लिही. कशीही लिही, खोटी लिही, बनियन घातलाय एवढंच लिही, म्हणजे मला थांबता येईल.

तुझी
ताई